बेंच न् शोल्डर प्रेस अडकलाय? आधी उडी बारकी करा

स्क्वॉट 80 किलो झाला, डेडलिफ्ट 100 ला लागला आणि बेंच, म्हणजे झोपून छातीवरनं रॉड ढकलायचा तो, मात्र दीड महिना झालं 50 वरच बसलाय. शोल्डर प्रेसचं, म्हणजे उभं राहून खांद्यावरनं रॉड डोक्यावर ढकलायचं, तर विचारूच नका, 30 किलोचे पाच-पाचचे तीन सेट आरामात होतात आणि 35 लावला की दुसऱ्याच रेपला (एकदा खाली-वर म्हणजे एक रेप) रॉड कपाळापाशी येऊन थांबतोय. आठवड्यातनं एक तरी पोरगं मला हेच विचारतंय, आणि विचारताना त्याचं तोंड असं झालेलं असतंय की जणू त्याच्या अंगातच काहीतरी कमी आहे. भावांनो, बहुतेक वेळा अंगात काही कमी नसतंय. मी सहा वर्षं रॉड उचलतोय, दिवसभर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर असतो, आणि माझा स्वतःचा प्रेस पहिल्या वर्षी चार महिने 35 वर अडकला होता. तेव्हा मला कुणी हे सांगितलं असतं तर ते चार महिने वाचले असते, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

हे फक्त नवीन लोकांसाठी आहे बरं का. म्हणजे ज्यांना रॉड धरून वर्ष झालेलं नाही, जे आठवड्यातनं तीन दिवस स्क्वॉट, बेंच, प्रेस, डेडलिफ्ट असं करतात आणि दर वेळी थोडं थोडं वजन वाढवत आलेत.

आधी साधा हिशोब बघा. आपल्याकडच्या बहुतेक जिममध्ये सगळ्यात बारकी प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूला एकेक लावली की पाच किलो वाढले. आता 80 च्या स्क्वॉटवर पाच किलो म्हणजे सहा टक्के, ते पाय एकवेळ ओढून नेतील. पण 30 च्या प्रेसवर तेच पाच किलो म्हणजे जवळजवळ सतरा टक्के! परवा 30 उचललेल्या माणसाला आज 35 उचल म्हणणं हे कुठल्याच हिशोबात बसत नाही. मांड्या, कुल्ले, पाठ हे मोठे स्नायू, त्यांच्यात वाढायला जागा भरपूर. खांदा आणि दंडाची मागची बाजू त्या मानानं बारकी, ती दर वेळी थोडीच वाढते, पण वाढते नक्की. तिला झेपेल एवढीच पायरी आपण ठेवायची. 30 वर 1 किलो वाढवला तर ते तीन टक्के होतात, म्हणजे स्क्वॉटला 80 वरनं 82.5 केल्यासारखंच. ऑलिम्पिकमधल्या वेटलिफ्टिंगला सुद्धा पुढच्या प्रयत्नाला कमीत कमी 1 किलो वाढवायची मुभा असते, तिथं दोन-दोनशे किलो डोक्यावर घेणारे लोक एका किलोसाठी झगडतात आणि आपण नवीन पोराला पाच किलोची उडी मार म्हणतो.

मग एक किलो कसा वाढवायचा? अर्ध्या किलोच्या दोन प्लेटा पाहिजेत. त्या ऑनलाइन मिळतात, पण कोल्हापुरात राहून त्या विकत घ्यायची गरज नाही. उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावला जिथं बघाल तिथं लेथ आहे, तुमच्या घरात नाहीतर गल्लीत कोणीतरी टर्नर असणारच. त्याला हे माप द्या.

जिममध्ये जाड टोकाचा ऑलिम्पिक रॉड असेल, म्हणजे प्लेटा बसतात ती बाजू 50 एमएमची असेल, तर 10 एमएम जाडीची एमएस (माइल्ड स्टील) प्लेट घ्यायची, बाहेरचा व्यास 104, मधलं भोक 52. वजन बरोबर अर्धा किलो भरतंय. रॉड साधा बारका असेल, 28 एमएमच्या आसपासचा, तर भोक 30 चं आणि बाहेरचा व्यास 95, जाडी तीच 10, वजन परत अर्धा किलोच. पाव किलोची पाहिजे असेल तर हीच मापं, फक्त जाडी 5 करा. रॉडचं टोक आधी व्हर्नियरनं मोजून घ्या, अंदाजानं सांगू नका, कारण जुन्या रॉडांची मापं एकसारखी नसतात आणि भोक एक एमएम कमी पडलं की ती प्लेट नुसती पेपरवेट. माझ्या पहिल्या जोडीला मी 28 चंच भोक मारलं होतं आणि रॉड निघाला 28.4 चा, परत चकला लावून बोअर वाढवावा लागला. कडांना चॅम्फर मारायला, म्हणजे धार काढून टाकायला सांगा नाहीतर बोटं कापतात. जमलं तर ब्लॅकोडायझिंग (गंज रोखणारा काळा थर) करून घ्या, पावसाळ्यात आपल्याकडं दोन दिवसांत गंज धरतोय. प्रोफाइल कटिंगवाल्याकडं 10 एमएमचा उरलेला तुकडा भंगाराच्या भावात मिळतोय, म्हणजे खर्च काय तो मजुरीचा.

लेथवाला कोणीच ओळखीचा नसेल तर वाळू घ्या. जाड कापडाच्या दोन पिशव्या शिवायच्या, किराणा दुकानातल्या काट्यावर अर्धा-अर्धा किलो वाळू मोजून भरायची, तोंड शिवून टाकायचं आणि रॉडच्या दोन टोकांना नाडीनं घट्ट बांधायच्या. दिसायला कशीबशी दिसते पण काम चोख करते. माझ्या धाकट्या बहिणीनं सुरुवातीचे दोन महिने असंच केलं. तिचं तर दुखणं आणखी मोठं होतं, 20 किलोचा रॉड नुसताच तिला डोक्यावर जात नव्हता. "दादा, मी रोज येतो आणि रोज रॉडच जिंकतोय," असं म्हणाली होती ती. तिला आम्ही 7 किलोचा बारका रॉड शोधून दिला, आणि तिथनं अर्धा अर्धा किलो वाढवत ती त्या 20 च्या रॉडपर्यंत पोचली. बायकांच्या स्पर्धेतला ऑलिम्पिक रॉड मुळात 15 किलोचाच असतो, पण आपल्या जिममध्ये तो सहसा ठेवत नाहीत, तर मुलींनो, तुम्हाला 20 चा रॉड उचलत नसेल तर लाज वाटून घेऊ नका, बारका रॉड मागा.

वजनाचं आणखी एक. अर्धा किलो वाढवणार असाल तर आधी खालचं वजन खरं पाहिजे. जुन्या बिडाच्या प्लेटांवर 10 लिहिलेलं असतंय आणि काट्यावर एखादी साडेनऊ भरते तर एखादी दहा किलो तीनशे. कास्टिंगमध्ये एवढा फरक पडतोच, त्यावर मशिनिंग झालेलं नसलं की पडतोच. आज एक जोडी लावली, परवा दुसरी, म्हणजे तुम्ही एक किलो वाढवला असं वाटतंय आणि प्रत्यक्षात दोन वाढलेत किंवा काहीच वाढलेलं नाही. एकदा बाथरूमवाला काटा नेऊन रॉड आणि प्लेटा मोजा, जिमवाल्याला विचारून ऑइल पेंटनं मागच्या बाजूला खरं वजन लिहा, आणि दर वेळी त्याच प्लेटा वापरा.

आता सपोर्टबद्दल, आणि यावर मला जरा जास्तच बोलायचंय कारण निम्मी अडचण इथंच असते. बेंचवर पोरगं झोपलंय, डोक्यामागं दोस्त उभा, तिसऱ्या रेपपासनंच त्याची बोटं रॉडखाली, "उचल उचल, तुझंच आहे, हलकं आहे." पाच रेप झाले, वहीत 60 लिहिलं. त्यातले 60 कुणी उचलले? चार-पाच किलो दोस्तानं ओढले, आणि सगळ्यात अवघड जागेवर ओढले. पुढच्या वेळी 65 लावला आणि दोस्त आला नाही की रॉड छातीवर. मग म्हणायचं बेंच अडकला! अडकलेला नाही हो, तो 60 ला कधी गेलाच नव्हता. माझ्याकडं आलेल्या एका पोराचा बेंच 65 वर अडकला होता म्हणून मी मागं उभा राहिलो आणि हात मागं बांधून उभा राहिलो, तर त्याचे पाच रेप 52 वर झाले. बिचाऱ्याचं तोंड उतरलं, पण तिथनं एकेक किलो करत तो तीन महिन्यांत स्वतःच्या जिवावर 65 ला पोचला.

तर नियम असा, सपोर्टवाल्यानं रॉड काढून द्यायचा, मग हात रॉडच्या जवळ ठेवायचे पण लावायचे नाहीत. रॉड खाली यायला लागला तरच धरायचा, आणि बोट लागलं की तो रेप मोजायचा नाही, सेट तिथंच संपला. हे दोस्ताला सेटच्या आधीच सांगा. आणि सपोर्टला कोणीच नसेल तर बेंचच्या दोन बाजूला रॉड अडवायच्या पट्ट्या आहेत का बघा. नसतील तर प्लेटांना लॉक लावू नका, म्हणजे वेळ आली तर रॉड एका बाजूला कलंडून प्लेटा पाडता येतात. मी एकदा सकाळी साडेपाचला एकटा असताना 60 खाली अडकलोय, लॉक नव्हते म्हणून सुटलो, तो आवाज अजून कानात आहे. आणि अंगठा रॉडच्या भोवती गुंडाळूनच धरायचा, कितीही लोकांना अंगठा न लावता बेंच मारताना बघितलं तरी.

हे सगळं केलं तरी अडकत असेल तर वही उघडा. वही नसेल तर आजपासनं घाला, चाळीस पानी पुरते. तारीख, वजन, प्रत्येक सेटला किती रेप, मध्ये किती मिनिटं थांबलो, आदल्या रात्री किती झोपलो. महिन्याभरात ती वही बोलायला लागते. 5, 5, 4 आलं असेल तर काही बिघडलेलं नाही, पुढच्या वेळी तेच वजन परत घ्या, होऊन जातंय. 5, 3, 2 असं घसरत गेलं असेल तर पहिला सेट दम लावून झालाय, म्हणजे ताकद आहे पण विश्रांती कमी पडली. आणि पहिल्याच सेटला 3 वर थांबला असाल तर एकतर उडी मोठी झाली, नाहीतर तुम्ही आधीच दमून आलाय, खाल्लेलं नाही किंवा झोपलेला नाही. ही तीन दुखणी आहेत आणि तिघांचं औषध वेगळं आहे, पण लोक तिन्हीला एकच औषध देतात, ते म्हणजे आणखी चार व्यायाम वाढवायचे.

विश्रांतीचं सांगतो. जड सेटनंतर कमीत कमी तीन मिनिटं, प्रेसला पाच पण लागतात. मोबाइलवर टायमर लावा. "बॉडी थंड पडेल" असं म्हणणारे भेटतील, पाच मिनिटांत कोणी थंड पडत नाही. संध्याकाळी गर्दीत एका बेंचवर तिघं आळीपाळीनं मारत असाल तर ते खरं तर बेष्ट, आपोआप चार मिनिटं मिळतात, फक्त तिघांची वजनं लिहून ठेवा नाहीतर प्लेटा बदलण्यात घोळ होतोय. पाच-सहा जण असले तर मात्र वेळ बदला.

वॉर्मअपमध्येच लोक संपतात हे पण बघितलंय. 50 चा बेंच मारायचा आहे आणि त्याआधी रिकामा रॉड वीस रेप, 30 पंधरा, 40 बारा, 45 दहा. मग 50 ला काय उरणार? रिकामा रॉड पाच-पाचचे दोन सेट, 30 ला पाच, 40 ला तीन, 46 ला एकच, आणि मग कामाचं वजन. एवढंच.

आता आपल्या कोल्हापूरचं खास. इथं जोर मारणं हे रक्तात आहे, आजा तालमीत होता, बाप तालमीत होता, आणि 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलेले खाशाबा जाधव इथल्याच राजाराम कॉलेजात शिकलेले, त्यामुळं सकाळी उठून दोनशे जोर मारल्याशिवाय पोराला व्यायाम केल्यासारखं वाटत नाही. मला जोरांबद्दल मनापासनं आदर आहे, गंगावेस नाहीतर मोतीबाग तालमीत सकाळी पोरं मेहनत करतात ती बघून आजही अंगावर काटा येतोय. पण जोर काम कुणाला देतात? छाती, खांदा, दंडाची मागची बाजू. बेंच आणि प्रेस कुणाला? त्यांनाच. सकाळी दोनशे जोर आणि संध्याकाळी बेंच, दुसऱ्या दिवशी परत जोर, मग त्या खांद्यानं भरून यायचं कधी? आणि पैलवानाचं बघा ना, तो पहाटे मेहनत करून, खाऊन दुपारी दोन-तीन तास झोपतोय, दूध, बदाम, तूप सगळं हिशोबात असतंय. आपण त्याचे जोर उचलले, त्याची झोप नाही उचलली.

त्यामुळं वजन वाढवायचं आहे ते तीन-चार महिने जोर बंद करा, किंवा अगदीच मन राहत नसेल तर व्यायामानंतर वीस-पंचवीस, तेवढेच. बैठका चालतील का असं विचारतात, त्या पण कमीच, स्क्वॉट आहे ना. हाच हिशोब ढोल-ताशाला लागतो. गणपतीच्या आधी महिनाभर पथकात सराव करणाऱ्या पोरांचे खांदे रोज दोन तास ढोल बडवून भरलेले असतात, तेव्हा प्रेस वाढणार नाही, वजन आहे तिथंच धरून ठेवा आणि विसर्जनानंतर पुढं चला. नाइट शिफ्टच्या आठवड्याला मी पण तेच करतो, मागच्या वेळचंच वजन, वाढ नाही. फाउंड्रीत मोल्ड उचलणाऱ्या भावांनी तर आपलं दिवसाचं काम हा एक सेटच धरायचा.

फॉर्मकडं, म्हणजे रॉड ढकलायच्या पद्धतीकडं येऊ. शोल्डर प्रेस अडकतो तो बहुतेक कपाळासमोर, आणि कारण एकच असतंय, रॉड तोंडापासनं लांब जातोय. दोस्ताला बाजूनं व्हिडिओ काढायला लावा. रॉड सरळ रेषेत वर चाललाय का पुढं कमान मारून चाललाय ते लगेच दिसतंय. हात खांद्याच्या जरा बाहेर, फार लांब नाही. रॉड तळहाताच्या खालच्या गादीवर, मनगटाच्या हाडावर उभा, बोटांच्या बाजूला गेला की मनगट मागं मोडतंय आणि ताकद तिथंच जाते. कोपरं रॉडच्या किंचित पुढं. कुल्ले आणि पोट घट्ट आवळा, छातीत दम भरा, तो दम धरूनच रॉड ढकला, वर गेल्यावर किंवा खाली खांद्यावर आल्यावर सोडा. रॉड नाकाच्या अगदी जवळनं गेला पाहिजे, इतका की पहिल्यांदा भीती वाटावी. कपाळाच्या वर गेला की डोकं रॉडच्या खाली पुढं घ्यायचं, आणि शेवटी खांदे कानाकडं उचलायचे. रॉड, खांदा आणि पायाचा मध्य एका ओळंब्यात. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो ना, तसंच बघायचं.

एक सावधगिरी, वजन जड झालं की लोक कमरेतनं मागं वाकून त्याचा बेंच करून टाकतात. पूर्वी ऑलिम्पिकमध्ये प्रेस हा वेगळा प्रकार होता, तो 1972 नंतर बंद केला, आणि त्याचं एक मोठं कारण हेच, लोक इतके मागं वाकायला लागले की पंचांना कुठला प्रयत्न खरा ते ठरवता येईना. आपण तेवढं वाकायचं नाही, कमरेचा मणका पैशानं परत मिळत नाही.

बेंचचं थोडक्यात. झोपल्यावर आधी दोन्ही फरे (खांद्यामागची चपटी हाडं) मागं आणि खाली आवळून बेंचमध्ये रुतवायचे, सगळा सेट होईपर्यंत ते सोडायचे नाहीत. पाय जमिनीवर घट्ट, हवेत नाचवायचे नाहीत. रॉड छातीच्या खालच्या भागाला टेकवायचा, गळ्याकडं नाही, आणि वर जाताना तो थोडा मागं, खांद्याच्या वर येतो, म्हणजे रस्ता जरा तिरका. कोपरं अगदी काटकोनात बाहेर फेकू नका, खांद्याचं पुढचं दुखणं तिथनंच सुरू होतंय. खाली आलेल्या रॉडला नखभर तरी टेकवा. अर्ध्यातनं वर नेलेले रेप सपोर्टच्या रेपांसारखेच, वहीत लिहायचे नाहीत. खांद्यात टोचल्यासारखं, रात्री झोपेतनं उठवणारं दुखत असेल तर मात्र मालीशवाल्याकडं न जाता हाडाच्या डॉक्टरला नाहीतर फिजिओला दाखवा आणि त्यांनी सांगेपर्यंत बेंच थांबवा.

खाणं. 60-62 किलोचा पोरगा, उंची पाच आठ, आणि म्हणतोय बेंच वाढत नाही. अरे भावा, वाढणार कशावर! स्क्वॉट एकवेळ उपाशी पण महिनाभर चालतो, वरचं अंग लगेच बोलतंय. किलोला 1.6 ग्रॅम धरलं तर 62 किलोच्या माणसाला रोज साधारण 100 ग्रॅम प्रोटीन लागतंय. म्हशीचं एक लिटर दूध म्हणजे 35 च्या आसपास, चार अंडी 24, दोन वाट्या डाळ-उसळ 14-15, चार ज्वारीच्या भाकरी 20, मूठभर शेंगदाणे 7. झालं की शंभर, प्रोटीन पावडरचा डबा विकत घ्यायची गरजच नाही. आणि दूध आपल्याकडं काय कमी आहे का, गंगावेसच्या कट्ट्यावर समोर धार काढून ग्लास हातात देतात. फक्त एक समजून घ्या, तांबडा-पांढरा ओरपून प्रोटीन होत नाही, ते मटणाच्या पीसमध्ये असतंय. मिसळीत तर तेल आणि फरसाणच जास्त, मला पण ती जीव की प्राण आहे पण तिला व्यायामाचं जेवण म्हणू नका. श्रावणात घरी अंडी-मटण बंद असतंय तेव्हा दूध, पनीर, सोयाबीन, उसळी वाढवा. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास करणाऱ्यांनी त्या आठवड्यात वजन वाढवायचा हट्ट सोडा. महिन्याला एखादा किलो अंगावर चढला पाहिजे, बारीक पोरांसाठी बोलतोय, ज्यांचं पोट आधीच पुढं आहे त्यांनी प्रोटीन तेवढंच ठेवून भात-तेल आवरा.

समजा हे सगळं झालं. प्लेटा केल्या, सपोर्ट बंद, झोप, दूध, फॉर्म, आणि तरी 54 वर सलग तीन वेळा अडकलाय. तेव्हा दहा टक्के खाली या. 54 वरनं 48 किंवा 49. मागं यायला पोरांना जिवावर येतंय, माहितेय मला, आजूबाजूचे बघतायत असं वाटतं. पण तिथनं एकेक किलो चढत जाताना प्रत्येक रेप स्वच्छ करायचा, छातीवर एक क्षण थांबवून. बेंच आणि प्रेस आळीपाळीनं करत असाल तर महिन्यात प्रत्येकी सहा वेळा येतात, म्हणजे महिनाभरात परत 54 च्या दारात, आणि यावेळी बहुतेक जण पुढं निघून जातात.

परत तिथंच अडकलात तर रेप बदला. पाचचे तीन सेट होतात तिथं तीनचे पाच सेट करा. एकूण पंधराच रेप, पण प्रत्येक सेट बारका असल्यामुळं शेवटचा रेप मोडत नाही. यात आणखी सहा-आठ आठवडे निघतात. ते पण थांबलं की मग एकच जड सेट पाचचा, आणि नंतर दहा टक्के वजन काढून पाच-पाचचे दोन सेट. जोडीला दांड्याला लटकून हनुवटी वर नेणारे चिनअप, तळवे आपल्याकडं करून, तीन सेट जमतील तेवढे. पाठ आणि दंड दोन्ही भरतात आणि बेंचवर झोपल्यावर पाठीचा पाया रुंद लागतो. फ्लाय, केबल, मशिन हे आत्ता काही नको, त्यानं छाती फुगल्यासारखी वाटते तासभर.

हे सगळं संपल्यावर पण थांबला तर तुम्ही नवीन राहिला नाही, मग दर वेळी न वाढवता आठवड्याला एकदा वाढवायचं, एक दिवस जास्त सेट, एक दिवस हलका, एक दिवस जड. ते वेगळं प्रकरण आहे.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. बेंच अडकलेल्या अठरा-वीस वर्षांच्या पोराला जिममध्ये कोणीतरी बाजूला घेऊन इंजेक्शनचं सुचवतंच. माझ्या बरोबरचा एक जण त्या वाटेनं गेला, बेंच वाढला, आणि वर्षभरात त्याचं बीपी, चेहऱ्यावरचे फोड, चिडचिड, घरी भांडणं, सगळं सुरू झालं, बंद केल्यावर वजन होतं त्याच्या खाली आलं. स्टिरॉइडनं काळजावर, लिव्हरवर, मूल होण्याच्या ताकदीवर परिणाम होतो. ज्या पोराच्या जिममध्ये एक किलो वाढवायची प्लेटच नाही त्याला सुई कशाला पाहिजे? त्याला आधी प्लेट द्या.

बहिणीच्या वहीतलं परवाचं पान तिला विचारून इथं उतरवतोय. प्रेस, 26.5 किलो, 5, 5, 5, मध्ये चार-चार मिनिटं, झोप सात तास. त्याखाली तिनं पुढच्या वेळचं आधीच लिहून ठेवलंय, 27.